राजा, जोगी आणि राजमाता

श्रोतेहो, एखादा व्यवहार उलगडेनासा झाला, त्यांत कांहीं तरी लपवाछपवी आहे असें वाटूं लागलें, कीं "यांत कांहीं तरी गौडबंगाल आहे" असें आपण सहज म्हणून जातों. हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं त्यांत एका देशाचें नांव दडलेलें आहे, याची आठवण क्वचितच होते. गौड आणि बंगाल हा मुलूख मंत्रतंत्राचा, अशी त्याची ख्याति महाराष्ट्रांत फार दिवसांपासून आहे, आणि ती घरोघर पोंचविण्यांत नाथपंथी कथांचा वांटा मोठा आहे. आज या गौडबंगालच्याच एका राजाची गोष्ट मला आपणांपुढें मांडावयाची आहे, आणि तिच्या शेजारीं ग्रीक पुराणांतल्या एका राजाची गोष्ट ठेवून पाहावयाची आहे. दोघेहि राजे तसे लहानच. दिग्विजय, अश्वमेध, नव्या नगरीची स्थापना यांपैकीं कांहीं कोणाच्या नांवावर नाहीं. दोघांच्या हातून एकाच जातीचा अपराध घडला, आणि त्या एका अपराधापायीं दोघेहि लोकांच्या स्मरणांत राहिले.

गोष्ट बंगालची असली तरी आपण आरंभ करूं तो मराठवाड्यापासून. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला आष्टी हें तालुक्याचें गांव आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. २०२२ सालच्या सप्टेंबरांत नगरहून येथवर आगगाडी आली. या भागांतल्या डोंगरांना नाथपंथीय लोक गर्भगिरि म्हणतात. आष्टी तालुक्यांतल्या सावरगांवचें मायंबा हें ठिकाण या डोंगरांतच आहे, आणि तेथें मच्छिंद्रनाथांची समाधि आहे. तेथून जवळच, पण पाथर्डी तालुक्यांत, मढी येथें कानिफनाथांची समाधि आहे. रंगपंचमीला तेथें मोठी यात्रा भरते आणि पैठणहून गोदावरीच्या पाण्याच्या कावडी येतात. बीड जिल्ह्यांतच येवलवाडीला जालिंदरनाथांचें स्थान आहे. आतां गंमत अशी, कीं मच्छिंद्र, कानिफ आणि जालिंदर या तिघांचींहि नांवें एकाच कथेंत गुंतलेलीं आहेत, आणि ती कथा म्हणजे राजा गोपीचंदाची. जोगी या डोंगरांत येऊन विसावले. राजा मात्र दूर पूर्वेकडेच राहिला. त्याची समाधि येथें नाहीं, त्याची गोष्ट तेवढी आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर गेली ती 'नवनाथ भक्तिसार' या पोथीमुळें. धुंडिसुत मालु नरहरि या कवीनें ती शके १७४१ मध्यें, म्हणजे १८१९ सालीं, पूर्ण केली. तिचे अध्याय ४० आहेत. अनेक घरांतून तिचें पारायण होतें, आणि ज्यांनीं लहानपणीं पाटाशीं बसून तें ऐकलें असेल त्यांना गोपीचंदाचे अध्याय विसरतां येणार नाहींत. त्यांतली कथा थोडक्यांत अशी.

गौडबंगालांत हेळापट्टण नांवाच्या नगरींत गोपीचंद राज्य करीत होता. वडील निवर्तले होते, आई मैनावती वाड्यांत होती. त्या नगरींत एक जोगी आला. गवताचा भारा आणून तो गाईंना चारीत असे. त्याच्या डोक्यावरचा भारा डोक्याला टेंकत नसून वरच्यावर अधांतरीं चालतो, हें मैनावतीनें वाड्याच्या गच्चीवरून पाहिलें, आणि हा सामान्य मनुष्य नव्हे अशी तिची खात्री पटली. तो जालिंदरनाथ होता. तिनें त्याचा शोध काढला, त्याची परीक्षा दिली आणि त्याचा अनुग्रह घेतला. पुढें एके दिवशीं तरुण मुलाचें सुंदर शरीर पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलें. तुझ्या वडिलांचेंहि शरीर असेंच होतें, तें राख झालें, तुझेंहि होईल, तेव्हां या जोग्याला शरण जा, असें तिनें मुलाला सांगितलें. गोपीचंद क्षणभर हेलावला. परंतु हें बोलणें त्याच्या पट्टराणीच्या कानीं गेलें. राजा जोगी झाला तर आपलें काय होणार, या भीतीनें तिनें राजाच्या मनांत विष कालविलें. राजमाता आणि जोगी यांचा संबंध शुद्ध नाहीं आणि तुम्हांला दूर सारून राज्य त्या जोग्याला द्यावयाचा हा डाव आहे, असें तिनें राजाला पटविलें. राजा हलक्या कानाचा. त्यानें विचारपूस केली नाहीं, आईला एक शब्द विचारला नाहीं. रात्रीं खड्डा खणविला, जोग्याला त्यांत लोटलें आणि वरून घोड्यांची लीद भरून टाकली. मैनावतीला वाटत राहिलें, कीं गुरु न सांगतां कोठें निघून गेले.

वर्षें लोटलीं. मच्छिंद्रनाथांचा शिष्य गोरख आणि जालिंदरनाथांचा शिष्य कानिफ यांची वाटेंत गांठ पडली. दोघेहि आपापल्या गुरूच्या शोधांत होते, आणि एकाला दुसऱ्याच्या गुरूची वार्ता ठाऊक होती. तुझा गुरु स्त्रीराज्यांत राणीच्या मोहांत गुंतला आहे, असें कानिफानें सांगितलें. तुझा गुरु हेळापट्टणांत घोड्यांच्या लिदीखालीं पुरलेला आहे, असें गोरखानें सांगितलें. कानिफ सातशें शिष्यांसह हेळापट्टणास आला. राजा शरण गेला, त्यानें अपराध कबूल केला. आतां खड्डा उकरला पाहिजे होता, पण इतकीं वर्षें खालीं बसलेल्या त्या योग्याच्या पहिल्या शब्दानेंच राजा भस्म होईल, हें कानिफ जाणून होता. म्हणून त्यानें निरनिराळ्या धातूंचे गोपीचंदाचे पुतळे करविले. एकेक पुतळा खड्ड्याच्या कांठावर उभा केला. राजानें कुदळीचा घाव घालावा आणि लगेच बाजूला व्हावें, अशी योजना ठरली. आंतून प्रश्न आला, कोण आहे? उत्तर दिलें, राजा गोपीचंद. आंतून शाप आला, जळून जावो. पुतळा जळाला. असें एकामागून एक सर्व पुतळे जळाले. अखेर, इतक्या शापांनंतरहि हा उरतो तर अमर होवो, असे शब्द आंतून आले. मग लीद बाजूला झाली, गुरु वर आले आणि राजा त्यांच्या पायांवर पडला. पुढें तो झोळी घेऊन निघाला, आणि जोग्याच्या रीतीप्रमाणें पहिली भिक्षा त्याला स्वतःच्याच वाड्यांत, स्वतःच्याच राण्यांकडे, आई म्हणून हांक मारून मागावी लागली.

आतां हें चित्र डोळ्यांपुढें ठेवूनच आपण ग्रीस देशांत जाऊं. तेथें थीब्ज नांवाची नगरी होती. कॅडमस हा तिचा वृद्ध राजा. त्यानें राज्य आपल्या नातवाच्या स्वाधीन केलें. या नातवाचें नांव पेन्थ्यूस, आणि त्याच्या आईचें नांव अगावी. अगावीची एक बहीण सेमेली. तिला देवराज झ्यूसपासून मूल होणार होतें, पण बहिणींनीं तें खोटें मानून तिची निंदा केली. सेमेली विजेच्या लोळांत जळून गेली. तिचा मुलगा वांचला, आणि तोच द्राक्षांचा, मद्याचा आणि उन्मादाचा देव डायोनायसस. पुढें पूर्वेकडचे देश फिरून हा देव परक्या जोग्याच्या वेषानें आपल्या आईच्या नगरींत परत आला. केस लांब, अंगावर हरणाचें कातडें, हातांत वेलींनीं वेढलेली काठी. निंदा करणाऱ्या बहिणींना आणि नगरीतल्या इतर स्त्रियांना त्यानें वेड लाविलें, आणि त्या घरदार टाकून सिथीरॉन डोंगरावर नाचूं गाऊं लागल्या. त्यांत राजमाता अगावीहि होती. युरिपिडीझ या नाटककारानें आपल्या आयुष्याच्या अखेरीस या कथेवर 'बॅकी' हें नाटक लिहिलें. तो ख्रिस्तपूर्व ४०६ च्या सुमारास वारला, आणि नाटक त्याच्या मृत्यूनंतर अथेन्समध्यें रंगभूमीवर आलें.

तरुण पेन्थ्यूस परगांवाहून परत येतो तों नगरीची ही अवस्था. त्याच्या मनांत पहिला विचार येतो तो हाच, कीं पूजेच्या नांवाखालीं डोंगरावर व्यभिचार चालला आहे. आजोबा कॅडमस आणि आंधळा द्रष्टा टायरेसिअस हे दोघे वृद्ध त्याला समजावतात. तो त्यांची थट्टा करतो. परक्या जोग्याला तो पकडून आणवितो, त्याचे केस कापतो, आणि त्याला घोड्यांच्या गोठणीशीं अंधारांत कोंडून ठेवण्याची आज्ञा देतो. परंतु आंत भलतेंच घडतें. जोगी समजून राजा एका बैलाला दोरखंडांनीं बांधीत बसतो, जोगी समजून एका पोकळ आभासावर तरवारीचे वार करतो. भूमिकंप होऊन राजवाडा कोसळतो आणि जोगी शांतपणें बाहेर येऊन उभा राहतो.

येथें देव त्याला एक संधि देतो. शस्त्रावांचून सर्व स्त्रियांना मी परत आणून देतों, असें तो म्हणतो. पेन्थ्यूसला तें पटत नाहीं, तो शस्त्रें मागवितो. मग जोगी सूर बदलतो आणि विचारतो, त्या स्त्रिया डोंगरावर काय करतात तें लपून पाहावयाचें आहे काय? आणि श्रोतेहो, इतका वेळ नीतीच्या गोष्टी सांगणारा हा राजा चटकन् हो म्हणतो. स्त्रीवेष घालून, पदर सारखा करीत, तो त्या जोग्यामागून निघतो. एका उंच झाडाच्या शेंड्यावर बसून तो पाहूं लागतो, तों स्त्रिया त्याला पाहतात. झाड उपटलें जातें. "आई, मी तुझा मुलगा" असें तो विनवितो, पण उन्मत्त अगावीला समोर वनपशु दिसतो. ती आणि तिच्या बहिणी त्याचे हातांनीं तुकडे करतात. सिंहाची शिकार केली म्हणून मुलाचें मस्तक मिरवीत ती नगरींत येते. वृद्ध कॅडमस तिला प्रथम आकाशाकडे पाहावयास सांगतो, मग हळूहळू, एकेक प्रश्न विचारीत, तिच्या हातांत काय आहे तें तिला ओळखावयास लावतो.

दोन्ही कथांतले धागे किती सारखे आहेत पाहा. दोहींकडे राजा तरुण, वडिलांचें नांव नुसतें मागें राहिलेलें. दोहींकडे दारीं आलेला परका जोगी आणि त्याच्या नादीं लागलेली राजमाता. दोहींकडे तोच संशय, तीच घाई, आणि शिक्षेची जागाहि राजाची अश्वशाळा किंवा तिचा उकिरडा. दोहींकडे खऱ्याच्या जागीं खोटें उभें राहतें, तेथें आभास आणि येथें पुतळा. इतकें साम्य दिसलें म्हणजे कोणी कोणाकडून घेतलें हा प्रश्न मनांत येतोच. ग्रीकांचा आणि आपला परिचय जुना आहे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास चंद्रगुप्ताच्या दरबारीं आलेल्या मेगॅस्थेनीसनें डायोनायसस हिंदुस्थानांत येऊन गेल्याची कथा लिहून ठेविली. कार्ल्याच्या आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. पैठण आणि तेर या गांवांचा माल भडोचच्या बंदरास जात असल्याचें एका ग्रीक नाविकानें लिहिलें आहे. रस्ता होता, यांत शंका नाहीं. परंतु ही गोष्ट त्या रस्त्यानें आली याला कांहींहि पुरावा नाहीं, आणि तसें मानण्याचें कारणहि नाहीं. जेथें राजसत्ता आहे, जेथें घर आहे, आणि जेथें दोहोंनाहि न जुमानणारा एखादा भिक्षेकरी दारांत येऊन उभा राहतो, तेथें असली गोष्ट आपोआप जन्मास येते.

म्हणून साम्यापेक्षां भेदच अधिक विचार करण्यासारखा आहे. पेन्थ्यूसच्या कथेंत आभास आहे तो देवाच्या रक्षणासाठीं. राजाचें वेडेपण उघडें पडावें एवढाच त्याचा उपयोग. गोपीचंदाच्या कथेंत पुतळे आहेत ते अपराध्याच्या रक्षणासाठीं. आणि ते उभे कोण करतो? ज्याचा गुरु लिदीखालीं पुरला गेला तो कानिफ! सूड घेण्याचा अधिकार ज्याला सर्वांत अधिक, तोच राग आणि अपराधी यांच्यामध्यें कांहीं तरी उभें करण्याची तजवीज करतो. गुरूचा शाप तो अडवीत नाहीं, कारण तो न्याय्यच होता. शाप पूर्ण उच्चारला जातो, त्याला जळावयास कांहीं तरी मिळतें, आणि माणूस मात्र वांचतो. थीब्ज नगरींत असा कोणी नव्हता. टायरेसिअसनें उपदेश केला आणि तो निघून गेला. कॅडमस आला तो तुकडे गोळा करावयास. शहाणपण तेथेंहि होतें, परंतु तें वेळेवर मध्यें उभें राहिलें नाहीं.

दुसरा भेद अपराधाच्या मुळाशीं आहे. गोपीचंदाचा दोष कानाचा, पेन्थ्यूसचा दोष डोळ्यांचा. गोपीचंदानें दुसऱ्याचें ऐकलें. तें विष बाहेरून आलेलें होतें, म्हणून पश्चात्तापानें धुवून निघालें. पेन्थ्यूसला कोणी कांहीं सांगावें लागलें नाहीं. जें पाहण्याची त्याला स्वतःलाच आंतून ओढ होती, तेंच तो दुसऱ्यांना मना करीत होता. असल्या माणसाला वांचविणें कानिफालाहि कठीण गेलें असतें.

परंतु आपली कथा सुखान्त आणि ग्रीकांची तेवढी शोकान्त, असें म्हणून समाधान मानणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. मैनावतीचा मुलगा जगला हें खरें, पण तो घरीं राहिला नाहीं. बंगालमधील गाण्यांत हें दुःख अधिक उघडें आहे. रंगपूर भागांत ऐकलेलें असें एक मोठें गीत ग्रियर्सन यांनीं १८७८ सालीं छापून प्रसिद्ध केलें. तिकडच्या कथेंत मुलगा ऐन तारुण्यांत मरणार हें आईला कळलेलें असतें, आणि जोगी होणें हाच एक उपाय असतो. शिवाय गुरु हाडी जातीचा, म्हणजे झाडूवाला. राजानें झाडूवाल्याचे पाय कसे धरावे, हा त्या राजपुत्राचा खरा अडसर. म्हणजे मुलगा जिवंत राहावा म्हणून आईनेंच त्याला घराबाहेर घालवावयाचें. अगावीनें मुलगा गमावला तो न ओळखतां, मैनावतीनें गमावला तो पूर्ण ओळखून. आणि राण्यांचें काय? ज्या पट्टराणीनें कट केला तिची भीति अखेर खरीच ठरली. पतीनें दारांत उभें राहून तिला आई म्हटलें. तिच्या अपराधाला क्षमा नाहीं, पण तिच्या रडण्याला उत्तरहि पोथींत नाहीं.

हा गोपीचंद खरोखर होऊन गेला काय, असें कोणी विचारील. राजेंद्र चोल याच्या तिरुमलै येथील १०२५ च्या सुमाराच्या शिलालेखांत, बंगालचा गोविंदचंद्र नांवाचा राजा हत्तीवरून उतरून रणांतून पळाल्याचा उल्लेख आहे. हा चंद्रवंशीय गोविंदचंद्र म्हणजेच कथेंतला गोपीचंद, असें कांहीं विद्वान् मानतात. नांवें जुळतात, प्रदेश जुळतो. याहून अधिक आग्रह धरतां येत नाहीं. आज बांगलादेशांत असलेल्या कोमिल्ल्याजवळच्या टेंकड्यांना मात्र मैनामती हेंच नांव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं तेथें जुन्या विहारांचे अवशेष उघडे पडले, आणि १९५५ पासून तेथें रीतसर उत्खनन झालें. राजाचें नांव शिलालेखांत शोधावें लागतें, आईचें नांव डोंगरालाच मिळालें.

लोकांनीं या दोघा राजांचें पुढें काय केलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. ख्रिस्तपूर्व ५३ मध्यें पार्थियन लोकांनीं रोमचा सेनापति क्रॅसस याला ठार केलें. तेव्हां त्यांच्या राजाच्या मेजवानींत 'बॅकी'मधला प्रवेश चालू असतां, पेन्थ्यूसच्या मस्तकाच्या जागीं नटानें क्रॅससचें खरें मस्तक हातांत घेतलें, असें प्लुटार्क सांगतो. पेन्थ्यूसचें नांव असें तुटलेल्या मस्तकाशीं जडून राहिलें. गोपीचंदाचें नांव जोग्यांच्या हातांतल्या एकतारीला मिळालें. उत्तरेंत त्या वाद्याला गोपीचंद असेंच म्हणतात. मराठी रंगभूमीचा पाया १८४३ सालीं सांगलीस घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांनीं पुढें मुंबईच्या प्रेक्षकांसाठीं हिंदी आख्यान केलें, तेंहि गोपीचंदाचेंच.

श्रोतेहो, कधीं आष्टीच्या बाजूस गेलांत तर मायंबा पाहून मढीसहि अवश्य जा. कानिफनाथांच्या चमत्कारांच्या कथा आपणांस तेथें पुष्कळ ऐकावयास मिळतील. परंतु त्यांचा मला सर्वांत मोठा वाटणारा चमत्कार मंत्राचा नव्हेच. तो लोहारा-तांबटांनीं केलेल्या पुतळ्यांचा आहे. आपल्या घरांतहि कोणी तरी कोणाच्या सांगण्यावरून चुकतो, कोणाचा तरी राग न्यायानें पेटलेला असतो. अशा वेळीं दोघांच्यामध्यें जळण्यासाठीं कांहीं तरी आणून ठेवणारा तिसरा मनुष्य लागतो. गोपीचंदाला तो मिळाला, पेन्थ्यूसला मिळाला नाहीं. दोघां राजांत अंतर आहे तें एवढेंच.